पर्फेक्ट बाइंडिंगच्या कव्हरचे क्रीझिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पर्फेक्ट बाइंडिंग म्हणजे पानांच्या गठ्ठ्याच्या पाठीला गोंद लावून कव्हर चिकटवणे, आणि क्रीझिंग म्हणजे कव्हर जिथे दुमडायचे तिथे आधी दाबून रेघ पाडणे. येथील माहिती २०० ते ३५० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) कागदी कव्हरसाठी आहे: कादंबऱ्या, गाईड, अहवाल, दिवाळी अंक. पुठ्ठा बांधणीचा विचार यात केलेला नाही. मशीन हाताने दाबायचे असो, ट्रेडल (पायाने चालवायचे जुने छपाईयंत्र) असो की फीडरवाले इलेक्ट्रिक, कागद सगळीकडे सारखाच वागतो. म्हणून बहुतेक उत्तरे तिन्हींना लागू पडतात आणि जिथे फरक आहे तिथे तसे सांगितले आहे.

क्रीझ मारल्याने कागदात नेमके काय होते?

जाड कागद सरळ दुमडला की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. बाहेरच्या कोटिंगला आणि तंतूंना तो ताण झेपला नाही की छपाई फुटून पांढरी रेघ दिसते. क्रीझिंगमध्ये गोल कडेचा बोथट रूल कागदाला खालच्या खोबणीत, म्हणजे चॅनलमध्ये, दाबतो. तंतू तुटत नाहीत. कागदाच्या आतले थर त्या रेषेपुरते एकमेकांपासून सुटतात आणि चॅनलच्या बाजूला एक बारीक उंचवटा उठतो. दुमडताना हे सुटे थर आत सरकतात, त्यामुळे बाहेरच्या बाजूला ओढ कमी बसते.

धारदार पात्याने अर्धी चीर देणे ही वेगळी गोष्ट. चीर दिलेले कव्हर पहिल्या दिवशी अगदी सुबक दुमडते, पण पुस्तक वारंवार हाताळले की त्याच रेषेवर फाटते. कव्हरसाठी ही पद्धत वापरू नये, विशेषतः ग्रंथालयात किंवा शाळेत जाणाऱ्या पुस्तकांना.

कव्हरला किती क्रीझ लागतात आणि कुठे?

चार. दोन स्पाइनच्या, म्हणजे पुस्तकाच्या पाठीच्या, दोन्ही कडांवर आणि दोन हिंजच्या, म्हणजे कव्हर जिथे उघडते तिथे, स्पाइनच्या कडेपासून ६ ते ७ मिमी आत, पुढच्या आणि मागच्या कव्हरवर. काही ठिकाणी खर्च वाचवायला फक्त स्पाइनच्या दोन मारतात. तेव्हा कव्हर उघडल्यावर स्वतःची घडी स्वतः शोधते, ती वाकडी पडते आणि पहिले पान गोंदासकट ओढून घेते. इलेक्ट्रिक मशीनवर चार क्रीझला दोनपेक्षा फारसा जास्त वेळ लागत नाही. तिथे दोनच मारण्यात काही बचत नाही.

फ्लॅपचे, म्हणजे समोरच्या कडेला आत दुमडलेल्या पट्टीचे, कव्हर असेल तर सहा. त्याविषयी पुढे.

उंचवटा आत हवा की बाहेर?

नियम एकच: उंचवटा घडीच्या आतल्या बाजूला आला पाहिजे. सर्वात जास्त चूक इथेच होते, कारण घडी दाबली की "ही खाच दिसते, म्हणजे कागद खाचेच्या बाजूला दुमडायचा" असे वाटते. दुमडायचे उलट, उंचवट्याच्या बाजूला.

स्पाइनच्या क्रीझवर कव्हर ब्लॉकभोवती, म्हणजे आतल्या पानांच्या गठ्ठ्याभोवती, आत वळते. म्हणून रूल छापील बाजूने पडावा आणि उंचवटा आतल्या कोऱ्या बाजूला उठावा. हिंजवर मात्र कव्हर उघडताना बाहेरच्या दिशेने वळते. तिथे काटेकोरपणे बोलायचे तर रूल आतून पडायला हवा आणि उंचवटा छापील बाजूला यायला हवा. काही इलेक्ट्रिक मशीनमध्ये दोन्ही दिशांनी क्रीझ मारण्याची सोय असते. ती असेल तर जरूर वापरा. नसेल आणि शीट उलटून दोनदा फिरवणे परवडत नसेल, तर चारही क्रीझ छापील बाजूनेच मारा. ३०० जीएसएमपर्यंतच्या लॅमिनेट केलेल्या कव्हरला हे चालते, कारण हिंज जेमतेम काटकोनापर्यंत वळते. उलटे करू नका. म्हणजे हिंजला सोयीचे म्हणून चारही क्रीझ आतून मारल्या, तर स्पाइनच्या कडा फुटतील आणि त्या दुकानाच्या शेल्फवर सगळ्यांना दिसतात.

ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंचा कल, कुठल्या दिशेला हवा, आणि तो कसा ओळखायचा?

स्पाइनला समांतर. याला पर्याय नाही. कागद तयार होताना तंतू मशीनच्या वाहत्या दिशेला जास्त करून लागतात. त्या दिशेने घडी सहज आणि स्वच्छ बसते, आडवी घडी घातली की तंतूच मोडावे लागतात. ग्रेन आडवा असलेल्या ३०० जीएसएम आर्ट कार्डवर कितीही चांगली क्रीझ मारली तरी घडी बोथट राहते आणि कव्हर उघडून ठेवले की स्प्रिंगसारखे परत मिटते. शिवाय स्पाइनवर गोंदाच्या उष्णतेने आणि ओलाव्याने लहरी उठतात.

ओळखायला शीटमधून १०० मिमीचा चौकोन कापा, एका कडेला पेनाने खूण करा आणि दोन्ही दिशांना हलकेच वाकवून पाहा. ज्या दिशेला कमी विरोध जाणवतो, ती वाकण्याची रेषा ग्रेनला समांतर असते. खात्री हवी असेल तर कोट न केलेली बाजू ओलसर फडक्याने पुसा. कागद लगेच नळीसारखा वळायला लागतो आणि नळीची लांबी म्हणजे ग्रेनची दिशा. वजनदार कार्ड फाडून पाहिले तरी कळते: ग्रेनच्या दिशेने फाट बऱ्यापैकी सरळ जाते, आडवी फाट भरकटते.

हा निर्णय क्रीझिंगच्या टेबलावर घेता येत नाही. कव्हर छापायला देतानाच मोठ्या शीटवर किती कव्हर कशी बसवायची ते ठरते आणि एक कव्हर जास्त बसते म्हणून छपाईवाले ते आडवे लावतात. म्हणून कामाच्या चिठ्ठीवर "ग्रेन स्पाइनला समांतर" एवढे तीन शब्द लिहून द्या. एका शीटमागे एखादे कव्हर कमी बसले तरी चालेल.

रूल आणि चॅनल किती मापाचे घ्यावे?

आधी कव्हरची जाडी मायक्रोमीटरने मोजा, लॅमिनेशनसकट. जीएसएमवरून अंदाज बांधू नका. त्याच ३०० जीएसएममध्ये दोन्ही बाजूंनी कोट केलेले आर्ट कार्ड साधारण ०.२८ ते ०.३० मिमी भरते, तर फोल्डिंग बॉक्स बोर्ड ०.४५ मिमीच्या आसपास जातो. दोघांना एकच चॅनल लावले तर एक फुटेल किंवा दुसऱ्यावर क्रीझ उमटणार नाही.

हिशोब असा करावा:

चॅनलची रुंदी = रूलची जाडी + कागदाच्या जाडीची दीडपट
चॅनलची खोली = कागदाच्या जाडीइतकी किंवा किंचित जास्त

उदाहरणार्थ कव्हर ०.३० मिमी आणि रूल २ पॉइंट, म्हणजे ०.७१ मिमी. ०.७१ + ०.४५ = १.१६. बाजारात मिळणाऱ्या मॅट्रिक्समध्ये (चॅनल असलेल्या तयार पट्ट्यांमध्ये) ०.४ × १.२ किंवा ०.४ × १.३ हे जवळचे माप. पहिला आकडा खोलीचा, दुसरा रुंदीचा. ग्रेन नाइलाजाने आडवा आला असेल तर रुंदीचे एक माप वर घ्या.

चॅनल अरुंद झाले तर रूल आणि चॅनलच्या कडांमध्ये कागद कात्रीत सापडल्यासारखा होतो आणि क्रीझच्या दोन्ही कडा कापल्या जातात. फार रुंद झाले तर उंचवटा पसरट येतो, घडी रेषेवर न बसता कधी इकडे कधी तिकडे पडते आणि स्पाइनची रुंदी प्रत्येक पुस्तकात वेगळी दिसते. इलेक्ट्रिक मशीनसोबत दोन-तीन रुंदीचे सेट येतात. पण बऱ्याच ठिकाणी मशीन बसवताना लावलेला सेटच कायम राहतो आणि १७० जीएसएमपासून ३५० पर्यंत सगळे त्यावरच चालते. सेट बदलायला लागणारा वेळ फुटलेल्या कव्हरांपेक्षा नेहमीच स्वस्त पडतो.

चांगली क्रीझ नजरेने कशी ओळखायची?

भिंगातून पाहा. उंचवटा एकसंध, गोलसर आणि दोन्ही बाजूंना सारखा असावा. एका बाजूला जास्त उभा आणि दुसऱ्या बाजूला उतरता दिसला तर रूल चॅनलच्या मध्यावर पडत नाही. खाचेच्या तळाशी चकचकीत बारीक रेघ दिसली तर दाब जास्त आहे. मग १८० अंशांत दुमडून बोट फिरवा आणि परत उघडा. उंचवट्याच्या जागी दोन बारीक कडा दिसल्या तर कागदाचे थर नीट सुटलेले नाहीत: दाब थोडा वाढवा. कव्हर पुस्तकावर ९० अंशातच वळणार असले तरी चाचणी १८० अंशांवरच घ्या.

दोन स्पाइन-क्रीझमधले अंतर कसे काढायचे?

खऱ्या ब्लॉकवरून. पृष्ठे भागिले दोन गुणिले कागदाची जाडी हे गणित डिझायनरला सुरुवातीच्या फाइलपुरते ठीक आहे. २४० पृष्ठे म्हणजे १२० पाने, ७० जीएसएम मॅपलिथोची (आतल्या पानांच्या साध्या कागदाची) जाडी ०.०९ मिमी धरली तर १०.८ मिमी. पण फर्मे, म्हणजे अनेक पृष्ठे छापलेली मोठी शीट्स, दुमडून एकावर एक लावले की घड्यांमुळे ब्लॉक फुगतो आणि प्रत्यक्षात तो ११.५ सुद्धा भरू शकतो. प्रेसमध्ये दाबून ठेवला की परत खाली येतो.

म्हणून पूर्ण फर्म्यांचे तीन ब्लॉक लावून घ्या, ठोकून सरळ करा, बाइंडिंग मशीनचा क्लॅम्प जितका दाबतो साधारण तितक्याच दाबात दोन लाकडी पट्ट्यांमध्ये धरा आणि स्पाइनच्या बाजूने व्हर्नियरने मोजा. तिन्हींची सरासरी घ्या. त्यात कव्हरची एक जाडी आणि गोंदासाठी किंचित, मिळून ०.३ ते ०.५ मिमी मिळवा. हे दोन क्रीझच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर.

अंतर कमी पडले तर कव्हर ब्लॉकच्या कोपऱ्यावर ताणले जाते आणि खरी घडी क्रीझच्या बाहेर पडते. दोन समांतर रेघा दिसतात, त्या याच. जास्त झाले तर स्पाइनच्या कडेला कानासारखी पोकळ दुमड उभी राहते आणि तिथे गोंद धरत नाही.

दिवाळी अंकांच्या बाबतीत एक इशारा. कव्हर आधी छापून, लॅमिनेट होऊन तयार असते आणि शेवटच्या आठवड्यात जाहिरातींचा एक फर्मा वाढतो. १६ पृष्ठांचा फर्मा म्हणजे ८ पाने, म्हणजे ७० जीएसएमला जवळपास ०.७ मिमी. एवढ्यात स्पाइनवरचे नाव कडेला सरकते. शेवटचा फर्मा हातात येईपर्यंत क्रीझिंग थांबवावे, कितीही घाई असली तरी. कव्हर क्रीझ करायला काही तासच लागतात.

मशीनमध्ये भरायचे आकडे कसे काढायचे? एक उदाहरण द्या.

डेमी आकाराचे पुस्तक, कापून तयार १४० × २१६ मिमी. ब्लॉकची जाडी १२.४ मिमी, म्हणून स्पाइनचे अंतर १२.९. समोरच्या कापासाठी प्रत्येक बाजूला ३ मिमी, वर-खाली ३ मिमी. हिंज ६ मिमीवर.

कव्हरची पूर्ण रुंदी: ३ + १४० + १२.९ + १४० + ३ = २९८.९ मिमी
उंची: ३ + २१६ + ३ = २२२ मिमी

मलपृष्ठाच्या मोकळ्या कडेपासून मोजल्यास:

पहिली क्रीझ, हिंज: १३७.०
दुसरी, स्पाइन: १४३.०
तिसरी, स्पाइन: १५५.९
चौथी, हिंज: १६१.९

पडताळा सोपा आहे: एकूण रुंदीतून शेवटचा आकडा वजा केला की पहिला आकडा आला पाहिजे. २९८.९ − १६१.९ = १३७.०. जुळले नाही तर कुठेतरी बेरीज चुकली आहे.

हे आकडे खरे ठरायला कव्हर कटिंग मशीनवर बरोबर मापात आणि काटकोनात कापलेले असायला हवे. छपाईच्या शीटची कच्ची कड क्रीझिंगला ले (मशीनमध्ये शीट टेकवायची कड) म्हणून वापरू नका. लॅमिनेट केलेल्या शीट्सचा उंच गठ्ठा एका दमात कापला की पाते आत ओढते आणि वरचे कव्हर खालच्यापेक्षा लहान-मोठे निघते. गठ्ठा ५० ते ६० मिमीपेक्षा उंच ठेवू नका आणि वरचे-खालचे कव्हर जुळवून पाहा.

हिंज ६ वर की ७ वर?

साइड ग्लूच्या, म्हणजे पहिल्या-शेवटच्या पानाच्या कडेला कव्हर चिकटवणाऱ्या गोंदाच्या, पट्टीवर अवलंबून आहे. ती साधारण ३ ते ५ मिमी रुंद लागते. हिंज तिच्या बाहेर किमान १ मिमी पडली पाहिजे. गोंद हिंज ओलांडून गेला तर क्रीझ निकामी होते: कव्हर क्रीझवर न वळता गोंदाच्या कडेवर वळते आणि पहिले पान सोबत उचलते. मशीनची साइड ग्लूची चाके झिजली असतील तर गोंद पसरतो. अशा वेळी हिंज ७ किंवा ८ वर घेण्यापेक्षा चाके दुरुस्त करा.

लॅमिनेशन आधी की क्रीझिंग आधी?

लॅमिनेशन आधी, नेहमीच. फिल्म वरचे कोटिंग धरून ठेवते आणि तडा झाकते. क्रीझ आधी मारली तर लॅमिनेशनचे रोलर ती दाबून सपाट करतात आणि खाचेत हवा अडकून चांदीसारखी रेघ दिसते.

फक्त घाई नको. पाण्याच्या किंवा सॉल्व्हंटच्या गोंदाने केलेले लॅमिनेशन किमान २४ तास राहू द्या. नाहीतर क्रीझच्या रेषेवर फिल्म कागदापासून सुटते आणि बोगद्यासारखी उभी राहते. थर्मल लॅमिनेशनला पूर्ण थंड होईपर्यंतचा वेळ पुरतो.

डिजिटल छपाईचे कव्हर जास्त फुटते, ते का?

दोन कारणे. टोनर (भुकटीची शाई) कागदात मुरत नाही, वर थर होऊन बसतो आणि हा थर ताणला जात नाही. शिवाय टोनर चिकटवताना लागलेल्या उष्णतेने कागदाचा ओलावा उडतो आणि कोरडा कागद ठिसूळ होतो. छापून आलेली शीट्स लगेच क्रीझला घेऊ नका. गठ्ठे सुटे करून एक रात्र खोलीच्या हवेत ठेवा. स्पाइनवर गडद रंग भरलेला असेल तर लॅमिनेशनशिवाय काम घेऊच नये. ग्राहकाला आधी एक नमुना दुमडून दाखवा, म्हणजे चर्चा छपाईच्या आधी होते.

अशा कव्हरसाठी गोल चाकाच्या क्रीझिंगपेक्षा वरून सरळ दाब देणारे ब्लेड आणि चॅनल चांगले. चाक कागद पुढे रेटत जाते आणि टोनरचा थर घासतो.

स्पॉट यूव्ही (निवडक जागी दिलेला चकचकीत व्हार्निश) आणि फॉइल (चमकणारी पातळ पन्नी) क्रीझवरून जात असेल तर?

यूव्हीचा थर कडक असतो, तो फुटतोच. डिझाइनमध्येच क्रीझच्या दोन्ही बाजूंना २ मिमी जागा यूव्हीशिवाय ठेवायला सांगा. पूर्ण कव्हरवर यूव्ही हवे असेल तर लवचीक प्रकारचे व्हार्निश मागा. फॉइल यूव्हीपेक्षा थोडे सोसते, पण स्पाइनच्या कडेवर त्याचेही कण उडतात.

ट्रेडलवर क्रीझिंग करतो. काय सांभाळावे?

पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत अनेक छापखान्यांत टाइप (जुळवायचे धातूचे खिळे) गेले, पण ट्रेडल क्रीझिंग, पर्फोरेशन आणि पंचिंगसाठी राहिले. ते नीट लावले तर उत्तम क्रीझ देते.

शाईचे रोलर काढून ठेवा, नाहीतर रूल त्यांना चिरा पाडतात. टाइपची उंची २३.३ मिमी असते आणि डाय-पंचिंगचा कापायचा रूल २३.८ मिमी. हा अर्ध्या मिमीचा फरक लक्षात न घेता कापायच्या रूलच्या हिशोबाने क्रीझचा रूल बसवला तर दाब भलताच वाढतो आणि त्याचा भार थेट मशीनच्या सांध्यांवर येतो. क्रीझसाठी टाइपच्या उंचीच्या आसपासचा रूल घ्या आणि उरलेला फरक प्लेटनवरच्या (कागद ज्यावर दाबला जातो त्या सपाट पाटावरच्या) पॅकिंगने साधा.

नुसत्या कागदी गादीवर रूल दाबून क्रीझ मारू नका. त्यात उंचवटा येत नाही, फक्त खाच पडते. प्लेटनवर कडक, गुळगुळीत शीट ताणून लावा आणि त्यावर मॅट्रिक्सची पट्टी चिकटवा. पट्टीसोबत प्लास्टिकचा मार्गदर्शक येतो तो रूलवर बसवायचा, पट्टीचा चिकट कागद काढायचा आणि मशीन हाताने एकदा मिटवायचे. पट्टी आपोआप रूलच्या बरोबर समोर चिकटते. स्पाइन १० मिमीपेक्षा कमी असेल तर शेजारच्या दोन पट्ट्यांच्या कडा एकमेकींवर चढतात. त्या आधी तिरक्या कापून घ्या.

पायाने किंवा मोटरवर, कसेही चालवा, पण मशीन सुरू असताना वाकडे बसलेले शीट सरळ करायला हात आत घालू नका. ते शीट जाऊ द्या.

क्रीझ तिरकी पडते.

एक कव्हर पहिल्या क्रीझवर दुमडा आणि वरच्या-खालच्या कडा पाहा. क्रीझ जितक्या कोनात तिरकी असेल त्याच्या दुप्पट कोनाने कडा एकमेकींपासून सरकतात. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारी चूकही इथे दिसते. आता तेच कव्हर १८० अंश फिरवून दुसऱ्या टोकाने मशीनमध्ये घाला आणि क्रीझ मारा. तिरकेपणा मशीनच्या त्याच बाजूला राहिला तर ले किंवा ब्लेड सरळ करा. कव्हरसोबत फिरला तर दोष कापण्यात आहे, मशीनला हात लावू नका.

पहिली पन्नास कव्हर बरोबर येतात, मग क्रीझ सरकत जाते.

फीड रोलर घसरतात. मॅट लॅमिनेशनची बारीक भुकटी आणि कागदाची धूळ रबरावर बसते. ओलसर फडक्याने पुसा, रबर चकाकत असेल तर मशीन बनवणाऱ्याने सांगितलेल्या द्रावणाने. ग्लॉस फिल्मची शीट्स स्थिर विजेने एकमेकांना चिकटतात. गठ्ठा भरण्याआधी पिंजून हवा खेळवा.

सरकणे एका दिशेने आणि सारखेच असेल तर मशीनचे माप तपासा. एका शीटवर ५० आणि २५० मिमीवर क्रीझ मारा. अंतर २००.० यायला हवे. १९९.६ येत असेल तर तेवढी दुरुस्ती सेटिंगमध्ये भरा. चालू कामात दर १०० कव्हरांमागे एक काढून चौथ्या क्रीझची जागा मोजा. चूक साठत साठत तिथेच सर्वात मोठी होते.

सगळे केले तरी तडा जातोच. कुठून शोधायला सुरुवात करावी?

त्याच कागदाचे कोरे, न छापलेले शीट घ्या आणि त्याच सेटिंगवर क्रीझ मारा. कोरेही फुटले तर ग्रेन, चॅनल किंवा ओलावा, याच क्रमाने तपासा. कोरे शाबूत राहिले तर दोष छपाईच्या थरात किंवा वरच्या फिनिशमध्ये आहे. मग उंचवट्याची दिशा पाहा. हे दोन्ही झाल्यावरच दाबाच्या चाकीला हात लावा. बहुतेक जण सुरुवात दाबापासून करतात, दाब वाढवत जातात आणि शेवटी क्रीझची चीर होते.

हवामानाचा किती फरक पडतो?

बराच. क्रीझिंगला ५० ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता चांगली. एप्रिल-मेमध्ये नागपूर-अकोल्याकडे हवा इतकी कोरडी असते की गोदामात उघडा ठेवलेला गठ्ठा कडांकडून ठिसूळ होतो. तिथे गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवावेत आणि लागतील तेवढेच उघडावेत. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उलट त्रास. एका बाजूला फिल्म आणि दुसरी बाजू उघडी असल्याने कागद ओलावा घेऊन फुगतो आणि कव्हर फिल्मच्या बाजूला वळते. वळलेले कव्हर लेला नीट टेकत नाही. गठ्ठा उलटा करून वर वजन ठेवा. कापणे आणि क्रीझिंग एकाच दिवशी उरका, कारण ओलाव्याने कागद मुख्यतः ग्रेनच्या आडव्या दिशेने, म्हणजे नेमका कव्हरच्या रुंदीत, वाढतो.

फ्लॅपच्या कव्हरला काय वेगळे?

फ्लॅपची क्रीझ समोरच्या कडेवर नाही, तिच्या १ मिमी बाहेर मारा. दिशा स्पाइनसारखीच, रूल छापील बाजूने. मुख्य अडचण कापण्याची आहे. तीन बाजूंनी कापले तर फ्लॅपच कापला जाईल. म्हणून ब्लॉकची समोरची कड आधी कापून घ्यायची, मग कव्हर चढवायचे, फ्लॅप आत दुमडायचे आणि फक्त वर-खाली कापायचे. ब्लॉक आधी कापल्यामुळे स्पाइनवर किती मिमी मिलिंग (गोंद लावण्याआधी पाठ घासून काढणे) होणार हे पक्के माहीत असावे लागते. मिलिंग २ ऐवजी ३ मिमी झाले की फ्लॅप एक मिमी बाहेर लोंबतो.

स्पाइन ३ मिमीपेक्षा कमी आहे.

पर्फेक्ट बाइंडिंग टाळा, सेंटर पिन करा (मधल्या घडीवर पिना मारा) आणि मध्ये एकच क्रीझ मारा.

डिझायनरला काय सांगावे?

स्पाइनचा रंग पुढच्या-मागच्या कव्हरपेक्षा वेगळा ठेवून त्याची सीमारेषा बरोबर क्रीझवर आणू नका. अर्धा मिमी फरकही डोळ्यात खुपतो आणि इतका फरक हातमशीनवर कधी ना कधी पडतोच. रंग एका बाजूला २ मिमी वळवून न्या, किंवा तिन्ही भागांना एकच पार्श्वभूमी द्या. स्पाइनवरची अक्षरे कडेपासून किमान १.५ मिमी आत ठेवा. छपाईच्या कव्हरवर कापल्या जाणाऱ्या भागात, वर आणि खाली, क्रीझच्या जागी बारीक खुणा द्या. मशीनवाल्याला मोजपट्टी लावण्याआधी त्या खुणांवरून चूक दिसते.

मशीनची निगा?

रोज काम संपल्यावर चॅनलमधली धूळ मऊ ब्रशने झाडा. लोखंडी टोकाने खरवडू नका. दाब सगळीकडे सारखा आहे का हे महिन्यातून एकदा पाहा: पूर्ण रुंदीचे पातळ कागद आणि कार्बन पेपर ठेवून एकदा दाबा, ठसा दोन्ही टोकांना सारखा गडद उमटला पाहिजे. चिकटवायच्या मॅट्रिक्सच्या कडा गोल झाल्या की पट्टी बदला. ब्लेडला खाच पडली असेल तर प्रत्येक कव्हरवर त्याच जागी बारीक ठिपका दिसेल. साफसफाईच्या आधी प्लग काढा, नुसते बटण बंद करून भागत नाही.

क्रीझ चुकीच्या मापावर पडून गेल्या आहेत. कव्हर वाचतील का?

अंतर ब्लॉकपेक्षा पाऊण-एक मिमी जास्त पडले असेल तर वाचतील. ७० जीएसएमची प्रत्येकी चार कोरी पाने ब्लॉकच्या पुढे आणि मागे लावा, जवळपास ०.७ मिमी भरून निघते. प्रकाशकाची संमती आधी घ्या. अंतर कमी पडले असेल तर ब्लॉक रात्रभर प्रेसमध्ये दाबून ठेवून पाहा. फर्म्यांच्या घड्या बसल्या की थोडा फरक मिटतो. पण जुन्या क्रीझच्या शेजारी २ मिमीच्या आत नवी क्रीझ मारू नका, मधली पट्टी दोन्हीकडून सैल होऊन चुरगळते. चीर पडलेली किंवा फिल्म फाटलेली कव्हर मात्र बाजूला काढा आणि तेवढी पुन्हा छापा.